मुक्तस्रोत वैज्ञानिक आज्ञावली

ज्या आज्ञावलीचा मूळ संकेत, म्हणजे कार्यक्रमकाराने संगणकीय भाषेत लिहिलेला मजकूर, कोणासही वाचता, वापरता, बदलता व पुन्हा वितरित करता येईल अशा परवान्याखाली उपलब्ध असतो, तीस मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. वैज्ञानिक मापने, सांख्यिकीय अनुमाने, नकाशे व गणितीय प्रतिमाने यांसाठी तयार केलेल्या अशा आज्ञावलींना मुक्तस्रोत वैज्ञानिक आज्ञावली ही संज्ञा लावतात. त्या विनामूल्य मिळतात हा त्यांचा सर्वांत दृश्य गुण असला, तरी विज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. एखादा निष्कर्ष कोणत्या गणितकृत्यांतून निघाला हे त्यांत पडताळून पाहता येते. मात्र हा गुण टिकण्यासाठी जुना मूळ संकेत नव्या यंत्रांवर व नव्या संकलकांवर चालता ठेवावा लागतो, आणि ते काम करणाऱ्यांच्या वेळेची आर्थिक तरतूद असावी लागते. संकलक-सुसंगती व निधी हे प्रश्न म्हणूनच परस्परांत गुंतलेले आहेत. महाराष्ट्रात या प्रश्नांचे स्वरूप चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते.

वनजिल्ह्यांतील उपयोग : पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. गडचिरोलीचे दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा राष्ट्रीय उद्यान (१९५५) व अंधारी अभयारण्य (१९८६) मिळून झालेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. या प्रदेशातील दोन महत्त्वाची मोजमापे संगणकीय आज्ञावलींवर अवलंबून असतात. एक वाघांच्या संख्येचे अनुमान आणि दुसरे गावाच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्राची सीमा.

वाघांची गणना पूर्वी पाऊलखुणांवरून होत असे. सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली ही पद्धत अनेक दशके प्रचारात होती. पावलाचा ठसा ओळखणे हे पाहणाऱ्याच्या कौशल्यावर व जमिनीच्या पोतावर अवलंबून असल्याने तिच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेण्यात आले. उल्हास कारंत यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नागरहोळे येथील अभ्यासात कॅमेरा ट्रॅप व पकड-पुनर्पकड ही सांख्यिकीय पद्धत यांची सांगड घातली. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना निराळी असते. छायाचित्रांवरून वाघ ओळखता येतात व कोणता वाघ कोठे, किती वेळा टिपला गेला यावरून न टिपल्या गेलेल्या वाघांचे अनुमान करता येते. देशव्यापी गणनेत २००६ पासून पाऊलखुणांची पद्धत मागे पडून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने अंदाज करण्यात येतात. त्यांनुसार महाराष्ट्रातील वाघांची संख्या २००६ मध्ये १०३, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ होती. २०१८ च्या फेरीत देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. एवढ्या सामग्रीचे विश्लेषण हाताने करणे अशक्य आहे.

या आकड्यांवर प्रत्यक्ष निर्णय अवलंबून असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील वाघिणी २०२३ मध्ये नवेगाव-नागझिरा येथे व २०२४ मध्ये ओडिशातील सिमिलिपाल येथे हलविण्यात आल्या. माणूस व वाघ यांच्यातील संघर्षाचे नियोजन, संचारमार्गांचे रक्षण व वनाबाहेरील गावांची सुरक्षा यांचा विचारही संख्येच्या व घनतेच्या अनुमानाशिवाय होऊ शकत नाही.

दुसरा उपयोग नकाशांचा आहे. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गावाचा १,८०९.६१ हेक्टरांवरील हक्क २००९ मध्ये मान्य झाला व तो देशातील आरंभीच्या अशा हक्कांपैकी एक ठरला. अशा दाव्यांत नाले, टेकड्या, देवस्थाने व जुन्या वहिवाटी यांच्या खुणा उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या उपकरणाने टिपून नकाशावर उतरवाव्या लागतात. क्यूजीआयएस, ग्रास, जीडॅल, प्रोज यांसारख्या मुक्तस्रोत आज्ञावली या कामासाठी उपयुक्त असून त्यांना परवाना-शुल्क नसल्याने त्या ग्रामसभेलाही परवडतात.

संकलकाचे कार्य : संगणकाच्या प्रक्रियकाला केवळ यंत्रभाषेतील आज्ञा समजतात. फोर्ट्रान, सी, सी प्लस प्लस इ. भाषांतील मूळ संकेताचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक किंवा कंपायलर म्हणतात. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम या कंपनीत तयार केलेला फोर्ट्रानचा संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा मुक्तस्रोत संकलक आज वैज्ञानिक आज्ञावलींचा एक प्रमुख आधार आहे. पायथन व आर या भाषांत लिहिणाऱ्यास संकलक सहसा दिसत नाही. परंतु या भाषांतील जड आकडेमोड आतून फोर्ट्रान, सी वा सी प्लस प्लसमधील संकलित भागांकडूनच होते.

व्याघ्रगणनेचे उदाहरण घेता हे स्पष्ट होते. प्रारंभीच्या विश्लेषणांत वापरलेली कॅप्चर ही आज्ञावली फोर्ट्रानमधील होती. पुढे अवकाशीय पकड-पुनर्पकड ही पद्धत रूढ झाली. वाघाच्या वावराच्या केंद्रापासून कॅमेरा जितका दूर, तितकी तो टिपला जाण्याची शक्यता कमी, हे तिचे मूलतत्त्व होय. केंद्र प्रत्यक्षात माहीत नसल्याने प्रदेशावर जाळी कल्पून तिच्यातील प्रत्येक बिंदू हा प्रत्येक वाघाचे संभाव्य केंद्र मानावा लागतो व सर्व कॅमेरे आणि सर्व दिवस यांसाठी संभाव्यतांची बेरीज करावी लागते. सर्वांत संभवनीय घनता मिळेपर्यंत हे गणित पुनःपुन्हा करावे लागते. न्यूझीलंडमधील परिस्थितिवैज्ञानिक मरे एफर्ड यांनी तयार केलेले सेकर हे आर भाषेतील पॅकेज या कामासाठी वापरतात व भारतातील राष्ट्रीय गणनेतही त्याचा उपयोग झाला आहे. त्यातील जड आकडेमोड सी प्लस प्लसमध्ये आहे. म्हणजे ताडोबातील एका अनुमानामागे पॅकेज, आर भाषा, तिची गणिती उपकार्यक्रमांची संग्रहिका, संकलक व परिचालन प्रणाली अशी साखळी असते. तिच्यातील बहुतेक दुवे निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या व्यक्ती सांभाळतात.

सुसंगतीचे प्रश्न : यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

(१) भाषेच्या नियमांची अंमलबजावणी : जुने संकलक काही चुकांकडे दुर्लक्ष करीत किंवा केवळ सूचना देत. कालांतराने तीच चूक संकलन थांबविणारी ठरते. उदा., उपकार्यक्रमास एकच संख्या अपेक्षित असताना संख्यांची मालिका पुरविणे हा प्रकार जुन्या फोर्ट्रान संकेतात सर्रास आढळतो. २०२० मध्ये आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून तो दोष मानला जाऊ लागला व जुने वर्तन हवे असल्यास तसा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागू लागला. २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीने सी भाषेतील घोषित न केलेली कार्ये वापरण्याची जुनी सवलतही काढून घेतली. हे बदल योग्यच आहेत, कारण त्यांमुळे खरे दोष उघड होतात. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला व योग्य उत्तरे देणारा संकेत त्यांमुळे एकाएकी संकलित होईनासा होतो.

(२) दोन भाषांमधील संकेत : फोर्ट्रान उपकार्यक्रमास अक्षर पाठविले जाते, तेव्हा संकलक त्या अक्षरमालेची लांबीही एका अदृश्य प्राचलाद्वारे पाठवितो. सी भाषेतून रेषीय बीजगणिताचे लॅपॅक हे उपकार्यक्रम वापरणारे कार्यक्रमकार एकाच अक्षरासाठी ही लांबी अनेक दशके गाळत आले व त्याने काही बिघडले नाही. नव्या फोर्ट्रान संकलकाने अधिक वेगासाठी त्या जागेचा पुनर्वापर सुरू केला, तेव्हा गाळलेल्या प्राचलाच्या जागी असलेली दुसरीच माहिती पुसली जाऊ लागली. २०१९ मध्ये आर भाषेत हा दोष उघडकीस आला. संकलकात तात्पुरती तडजोड करण्यात आली, आर भाषेचा संकेत दुरुस्त झाला व पुढे पॅकेजकर्त्यांनाही आपापले संकेत बदलावे लागले. येथे सूत्र, सामग्री व विश्लेषक यांपैकी कोणाचीही चूक नव्हती.

(३) अपूर्णांकांचे अंकगणित : संगणकात संख्या ठराविक अंकांपर्यंतच साठविल्या जातात, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलल्यास उत्तर बदलू शकते. समजा, आठ अंकच ठेवता येतात. १,००,००,००० मध्ये ०·४ मिळविल्यास उत्तर १,००,००,००० एवढेच राहते व पुन्हा ०·४ मिळविले तरी ते हलत नाही. मात्र आधी ०·४ व ०·४ यांची बेरीज करून ०·८ मिळविल्यास उत्तर १,००,००,००१ येते. वेगासाठी संकलक क्रियांचा क्रम बदलतात, गुणाकार व बेरीज एकाच आज्ञेत करतात किंवा काम अनेक प्रक्रियकांत वाटले जाते. त्यामुळे दोन यंत्रांवर शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. घनतेच्या अनुमानात हा फरक सहसा नगण्य असतो. परंतु सामग्री विरळ असेल, जशी वाघ तुरळक असलेल्या वनांतून मिळते, तर सर्वोच्च संभाव्यता शोधणारी क्रिया वेगळ्या ठिकाणी थांबू शकते. फरक नगण्य आहे की दोषाचे लक्षण आहे, हे ठरविण्यासाठी ज्ञात उत्तरे असलेल्या चाचण्या सोबत असाव्या लागतात.

(४) परिचालन प्रणाली व लिपी : विंडोज प्रणालीवर देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे संकेतपृष्ठ नव्हते. त्यामुळे तेथे आर भाषेत ‘ताडोबा’ किंवा ‘लेखा’ असे नाव असल्यास अक्षरांऐवजी अनेकदा युनिकोड संकेतांकांची मालिका उमटे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीने विंडोजवरील संकलन-साधने बदलून यूटीएफ-८ ही संकेतनपद्धती स्वीकारली व ही अडचण दूर झाली. त्यासाठी सर्व पॅकेजे पुन्हा संकलित करावी लागली आणि हा लाभही विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांवरच मिळतो. ज्या कार्यालयात जुना संगणक आहे व ज्या तालुक्यात आंतरजाल मंद आहे, तेथे असे प्रत्येक स्थित्यंतर उशिरा व अर्धवट पोचते.

नकाशांची आज्ञावली : नकाशांच्या बाबतीत सुसंगतीचा परिणाम जमिनीवर मोजता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके एव्हरेस्ट विवृत्ताभावर आधारलेली आहेत, तर उपग्रहाधारित उपकरणे डब्ल्यूजीएस-८४ या संदर्भप्रणालीत स्थान देतात. दोहोंमधील रूपांतर न केल्यास गडचिरोलीच्या अक्षांश-रेखांशांवर खूण शंभर मीटरहून अधिक सरकते. गावाच्या वनसीमेसाठी हे अंतर लहान नाही. हे रूपांतर करणारी प्रोज ही संग्रहिका अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गेराल्ड एव्हेंडेन यांच्या कामातून निर्माण झाली. २०१९ मधील तिच्या सहाव्या आवृत्तीने संदर्भप्रणाली नोंदविण्याची व रूपांतर निवडण्याची रीत मुळातून सुधारली. तिच्यावर आधारलेल्या आज्ञावलींना त्यानुसार बदलावे लागले. तसेच क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये पायथन ३ वर गेली, तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली पूरक साधने पुन्हा लिहावी लागली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

देखभाल व व्यक्तिनिष्ठता : आर भाषेतून नकाशे हाताळण्यासाठी आरजीडॅल, आरजीऑस व मॅपटूल्स ही पॅकेजे दीर्घकाळ वापरात होती. नॉर्वेतील बर्गेन येथील रॉजर बिव्हंड त्यांची देखभाल करीत. त्यांच्या निवृत्तीच्या अनुषंगाने ही पॅकेजे ऑक्टोबर २०२३ मध्ये वितरणातून काढून घेण्यात आली. वापरकर्त्यांना याची सूचना पुष्कळ आधी दिलेली होती व एसएफ आणि टेरा ही पर्यायी पॅकेजे तयार होती. त्यामुळे हे सुनियोजित निवृत्तीचे उदाहरण ठरते. तरीही शेकडो पॅकेजांना व असंख्य जुन्या विश्लेषणांना आपला संकेत बदलावा लागला. वितरणस्थानी वीस हजारांहून अधिक पॅकेजे असलेल्या या भाषेत अनेक पॅकेजांमागे एकच व्यक्ती असते. ती आजारी पडली, तिने नोकरी बदलली वा ती निवृत्त झाली, तर तयारी नसताना तसाच प्रसंग येऊ शकतो.

निधीचा प्रश्न : संशोधन-अनुदान सामान्यतः नव्या निष्कर्षासाठी व ठराविक मुदतीसाठी मिळते. आज्ञावली त्या मुदतीत तयार होते, निबंध प्रसिद्ध होतो व अनुदान संपते. संकलक मात्र त्यानंतरही बदलत राहतो. देखभालीतून नवा निबंध निघत नसल्याने ती करणाऱ्यास विद्यापीठात बढतीसाठी तिचा लाभ क्वचितच होतो. ग्रास ही नकाशाविषयक आज्ञावली अमेरिकेच्या भूसेनेच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून विकसित झाली. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास प्रयोगशाळेने काम थांबविले, तेव्हा बेलर व हॅनोव्हर या विद्यापीठांतील गटांनी ते पुढे चालविले. १९९९ मध्ये ती जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आली. मूळ संकेत खुला नसता, तर ती तेथेच संपली असती. मुक्त परवान्यामुळे आज्ञावली पुन्हा उभी करणे शक्य होते, पण ते काम कोणी तरी हाती घ्यावे लागते.

निधी मिळण्यास किती विलंब होतो, याचे नमपाय हे बोलके उदाहरण आहे. पायथनमधील जवळजवळ सर्व वैज्ञानिक आकडेमोडीचा पाया असलेल्या या संग्रहिकेची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये आली. तिच्या विकासासाठी पहिले मोठे अनुदान, सुमारे ६,४५,००० डॉलर, गॉर्डन अँड बेटी मूर प्रतिष्ठानाकडून २०१७ मध्ये मिळाले. त्यानंतर परिस्थिती काहीशी सुधारली. न्यूमफोकस (२०१२) ही संस्था प्रकल्पांच्या वतीने देणग्या स्वीकारते. आर कन्सॉर्टियम (२०१५) या संघाने एसएफ या पॅकेजच्या निर्मितीस साहाय्य केले. चॅन झुकेरबर्ग इनिशिएटिव्हने २०१९ पासून जीवविज्ञानास आवश्यक अशा आज्ञावलींच्या देखभालीसाठी अनुदाने दिली. जीडॅलसाठी २०२१ मध्ये वापरकर्त्या कंपन्यांच्या वर्गणीतून देखभालनिधी उभारण्यात आला. हे सर्व मार्ग ऐच्छिक दानावर अवलंबून असून दात्याचा अग्रक्रम बदलला की ते आटू शकतात. शिवाय नकाशांना व्यापारी कंपन्यांचा आधार मिळतो, तसा वन्यप्राण्यांच्या घनतेच्या आज्ञावलीस मिळत नाही. तिचे वापरकर्ते मुख्यतः शासकीय विभाग, विद्यापीठे व सेवाभावी संस्था असतात.

भारतातील स्थिती : केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. शासकीय प्रणालींत अशा आज्ञावलीस प्राधान्य देण्यावर त्याचा भर आहे. राष्ट्रीय शिक्षण अभियानाखाली मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत चालणाऱ्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब, पायथन, आर इत्यादींच्या प्रसाराचे मोठे काम केले असून त्याच संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमाने मराठीतही पाठ उपलब्ध करून दिले आहेत. याच संस्थेतील प्रभू रामचंद्रन यांची मायाव्ही ही त्रिमितीय आलेखनाची आज्ञावली जगभर वापरली जाते. २०२४ मध्ये बंगळूर येथील झेरोधा कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तथापि स्वीकार, प्रसार व प्रशिक्षण यांहून देखभाल ही वेगळी गोष्ट आहे. विनामूल्य आज्ञावली घेतल्याने वाचलेल्या रकमेचा काही अंश तिच्या देखभालीकडे जावा, ही प्रथा अद्याप रुजलेली नाही.

उपाय : सुसंगतीच्या अडचणी पूर्णतः टाळता येत नाहीत, त्यांचा परिणाम मात्र मर्यादित ठेवता येतो. पहिला उपाय नोंदीचा होय. अहवालात केवळ आज्ञावलीचे नाव न देता तिची आवृत्ती, भाषेची आवृत्ती, संकलक व परिचालन प्रणाली नमूद करावी. विश्लेषणाचा संपूर्ण संगणकीय परिसर एका संचात गोठवून ठेवण्याची साधने २०१३ नंतर प्रचारात आली आहेत. फ्रान्समध्ये २०१६ मध्ये सुरू झालेले सॉफ्टवेअर हेरिटेज हे अभिलेखागार मूळ संकेतांचे जतन करते. गोठविलेला संच जुना निष्कर्ष पुन्हा मिळविण्यास उपयोगी पडतो. परंतु त्यात दोषदुरुस्ती होत नाही, म्हणून तो देखभालीस पर्याय ठरत नाही. दुसरा उपाय चाचण्यांचा होय. उत्तर ज्ञात असलेली नमुना-सामग्री प्रत्येक नव्या संकलकावर चालवून पाहिल्यास फरक लगेच लक्षात येतो. तिसरा उपाय पुनर्गणनेचा होय. नवी फेरी नव्या आवृत्तीने विश्लेषित करताना मागील फेरीची सामग्रीही तिच्यात घालून पाहावी. म्हणजे संख्येतील वाढ वनातील आहे की आज्ञावलीतील बदलामुळे दिसते, हे निश्चित होते. चौथा उपाय आर्थिक आहे. कॅमेरे, वाहने व मनुष्यबळ यांच्याबरोबर आज्ञावलीच्या देखभालीचे शीर्षही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असावे. स्थानिक मनुष्यबळ हा यांतील महत्त्वाचा घटक होय. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ व नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांसारख्या जवळच्या संस्थांत संकेत वाचू व दुरुस्त करू शकणारी माणसे तयार झाल्यास दूरच्या देखभालकर्त्यावरील भार हलका होतो.

वनहक्काची सीमा पिढ्यान् पिढ्या टिकणारी असते व वाघांच्या संख्येचा कल कळण्यास अनेक फेऱ्यांची तुलना लागते. संकलकाच्या आवृत्त्या मात्र साधारणतः दरवर्षी बदलतात. या दोन कालमानांतील अंतर भरून काढण्याचे काम देखभाल करते. ती थांबल्यास मूळ संकेत खुला राहतो, पण त्यातून निघालेला आकडा वा रेषा पुन्हा तपासून पाहण्याचे साधन वापरकर्त्यांच्या हाती उरत नाही.